ठिगळाचा निळा शर्ट

आमच्या आबांनी माझ्यासाठी जेवढी स्थळं बघितली, तेवढी सगळी कारखान्याच्या गेटासमोर, चहाच्या टपरीवर उभं राहून बघितली. मुलाच्या घरी जाणं, पोहे खाणं, भावकीत कोण कोण आहे ते विचारणं, हे सगळं नंतर. आधी गेट. पाळी सुटताना मुलगा कोणत्या रंगाच्या शर्टात बाहेर पडतो ते बघायचं आणि मग ठरवायचं, पोहे खायला जायचं की नाही. तेव्हाच्या औरंगाबादेत, वाळूजच्या पट्ट्यात, ही रीतच पडून गेली होती. पाळी सुटायच्या वेळेला टपऱ्यांवर धोतर-टोपीतले जे लोक दिसायचे, त्यांतले निम्मे मुलींचे बाप असायचे. निम्म्यांना चहासुद्धा नको असायचा, पण उभं राहायला निमित्त लागतं म्हणून ते घ्यायचे.

रंगाची भानगड अशी होती. मी ज्या गोदामात कामाला होते त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, गाड्यांचे गिअर बनवणारा मोठा कारखाना होता. तिथं पर्मनंट माणसाला गडद निळा शर्ट, खिशावर कंपनीचं नाव दोऱ्यानं भरलेलं. ठेकेदाराच्या माणसाला खाकी, खिशावर काहीच नाही. एकाच मशीनवर निळा आणि खाकी शेजारी शेजारी उभे राहायचे, एकाच तेलानं दोघांचे हात काळे व्हायचे. पण खाकीवाल्याला सहा-सात महिने झाले की ठेकेदार त्याला ‘ब्रेक’ द्यायचा, म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचा आणि मग नवा माणूस आल्यासारखं परत घ्यायचा. त्यामुळं तो तिथं कितीही वर्षं राबला तरी कागदावर कालच आलेला असायचा. याला रोजगाराच्या संधी म्हणत. खांबाखांबावर कागद चिकटवलेले असायचे: मुलं पाहिजेत, मुली पाहिजेत, दहावी पास-नापास, अनुभवाची गरज नाही. अनुभवाची गरज नव्हती हे खरंच होतं, कारण अनुभव यायच्या आतच ब्रेक मिळायचा. तरी पोरं एसटी भरभरून यायची, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच खांबाला टेकून उभी दिसायची.

आबांना यातलं सगळं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांना निळा जावई हवा होता. आमचं गाव वाळूजच्या कडेचंच. जमीन एमआयडीसीत गेली, तिच्या पैशातून आबांनी गावठाणात खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. जिथं उभं राहून ते जावई शोधायचे तिथं पूर्वी आमचीच बाजरी असायची, आणि ही गोष्ट ते टपरीवाल्याला दर वेळी नव्यानं सांगायचे. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा आबा पाळण्यात होते. निजामाची मोगलाई गेली, मग जमीनही गेली, आणि एवढं सगळं गेल्यावर माणसाला न जाणारं असं काहीतरी लागतं, ते आबांना त्या निळ्या कापडात दिसायचं. ‘आधी शर्ट बघायचा. बाकी समदं नंतर,’ असं ते चारचौघांत सांगायचे. बैल घेताना याच माणसानं दात बघितले होते, खूर बघितले होते, नांगराला जुंपून चालवून बघितला होता. जावयाला मात्र त्यांना नुसता शर्ट पुरत होता, आणि याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मी स्वतः त्याच रस्त्यावर कामाला जात होते, ही गोष्ट आबांच्या हिशेबातच नव्हती. आमचं गोदाम पंख्यांच्या कंपनीचं. पत्र्याचं छप्पर, आत पंख्यांची खोकी छताला भिडलेली, आणि आमच्या डोक्यावर एकही पंखा नाही. एक होता, सुपरवायझरच्या केबिनमध्ये, तो सुपरवायझर नसतानाही फिरत राहायचा. हा सुपरवायझर म्हणजे इस्त्रीचा शर्ट घातलेला, कपाळाला कायम आठ्या असलेला एक माणूस होता. दिवसभर ‘चला चला’ याच्यापलीकडं त्यानं काही केल्याचं मला आठवत नाही. कुठं चला ते त्यालाही ठाऊक नसायचं. आम्ही ठेकेदाराकडच्या बायका खोक्यांना प्लॅस्टिकची पट्टी मारायचो, रचायचो आणि गाडी लागली की ढकलत गाडीपर्यंत न्यायचो. गावात कुणी विचारलं तर आबा म्हणायचे, ‘घरी रिकामी बसण्यापरीस जाती टाइमपासला.’ टाइमपास करून मी घरी यायचे तेव्हा पट्टीनं बोटं कापलेली असायची आणि भाकरी थापताना मीठ झोंबायचं.

त्या वर्षी वरून साहेब लोक आले आणि असं ठरलं की खोक्यांवर काळ्या रेघांची चिठ्ठी लावायची, आणि त्या रेघा हातातल्या एका यंत्रानं वाचायच्या. यंत्र महाग होतं. ते ठेकेदाराच्या माणसाच्या हातात द्यायचं नाही, उद्या माणूस ब्रेकवर जाईल आणि यंत्रही घेऊन जाईल, असा वरचा हुकूम आला. म्हणून काही बायकांना शिकवायचं आणि कंपनीत पर्मनंट घ्यायचं ठरलं. माणसाची कदर करून कुणी कुणाला पर्मनंट केल्याचं मी वाळूजमध्ये कधी ऐकलं नव्हतं, यंत्राची काळजी म्हणून मात्र केलं. बायकाच का, तर सुपरवायझर म्हणाला, बायका वस्तू खाली पाडत नाहीत. याच्या घरी भांडी कोण घासतं कोण जाणे. शिकायला ज्यांना निवडलं त्यांत मी होते. अट एकच होती, दिवाळीपर्यंत एकही खाडा करायचा नाही. जी खाडा करील तिच्या जागी दुसरी घेणार, आणि बाकीच्या बायका शटरपाशी उभ्याच होत्या.

मला ती जागा हवी होती. यात लाजण्यासारखं काही नाही, मला ती लग्नापेक्षा जास्त हवी होती. ते यंत्र हातात धरलं आणि रेघांवर लाल उजेड पडून बारीक आवाज आला की मला आतून बरं वाटायचं. खोकं ढकलणारी बाई आणि खोकं कुठून आलं, कुठं चाललं हे सांगणारी बाई, यात फरक आहे. तो फरक मला आठवडाभरात कळला आणि मग परत पट्टी मारायला जायची कल्पनाही सहन होईना.

आता शर्टाचं सांगते. समोरच्या कारखान्याची पाळी आमच्या आधी सुटायची. आमचं मोठं शटर रस्त्याकडं उघडायचं आणि वारा काय तो तिथूनच आत यायचा, म्हणून त्या वेळी आम्ही बायका शटरपाशी जाऊन उभ्या राहायचो. समोरून निळे आणि खाकी बाहेर पडायचे. त्यातच मी तो शर्ट पहिल्यांदा बघितला. निळा, पण डाव्या बाहीवर कोपराच्या वर ठिगळ, आणि ते ठिगळ जरा वेगळ्या निळ्याचं. ठिणगी पडून जळालं असेल आणि बायकोनं मिळेल ते कापड लावून दिलं असेल. आधी तो एका टकल्या, पोट सुटलेल्या माणसाच्या अंगावर असायचा. मग एकदा तो एका काटकुळ्या पोराच्या अंगावर दिसला, खांद्याची शिवण पार दंडापर्यंत उतरलेली. मग एका ताडमाड पोराच्या अंगावर, मनगटं उघडी. ज्या दिवशी तो शर्ट पोराच्या अंगावर असायचा त्या दिवशी टपरीवर कुणीतरी टोपीवाले पाहुणे असायचेच. हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

पुढं आमच्यातल्या एकीच्या भावाकडून सगळं कळलं. पर्मनंट लोक भारी ऐटीत असायचे. खाकीवाल्याच्या पिशवीशेजारी ते आपला डबासुद्धा ठेवत नसत, मग शर्ट कुठला देतात. पण या टकल्या माणसाला लग्नाच्या पंगतीचा भारी शौक. कंपनी दर दिवाळीला नवा शर्ट द्यायची, तो नवा स्वतः घालायचा आणि जुना, ठिगळाचा, लग्नाळू पोरांना द्यायचा. बदल्यात लग्नाचं आवतन, पहिल्या पंगतीचं पान आणि टॉवेल-टोपीचा मान. त्याच्या घरी म्हणे टॉवेल-टोप्यांचा ढीग लागला होता. लग्नात हा माणूस नवऱ्या मुलाच्या मामाच्या मांडीला मांडी लावून बसायचा, आणि मुलीच्या बापाला वाटायचं, साहेब दिसतोय कुणी कंपनीतला.

श्रावण सरता सरता आबा एके दिवशी टपरीवरून घरी आले ते मिशीत हसतच. स्थळ वैजापूरकडचं. मुलगा इथंच रांजणगावात खोली करून राहणारा, नाकीडोळी बरा, वागायला गरीब. आणि निळा.

‘म्या सोता डोळ्यानं बघितलं,’ आबा मायला सांगत होते. ‘गेटातून आला, मला रामराम घातला अन् सरळ गेला. खिशावर नाव हाय कंपनीचं.’

मी कणीक मळत होते. तिथूनच विचारलं, ‘आबा, डाव्या बाहीला ठिगळ होतं का?’

आबा म्हणाले, ‘असंल. काम करणाऱ्याच्या शर्टाला ठिगळ असतंच. का गं?’

‘तो शर्ट त्याचा नाय. मागून आणलेला हाय. म्या तो लई जणांच्या अंगावर बघितलाय.’

मला वाटलं होतं आबा विचारतील, मग कुणाचा आहे, कोण देतं. त्यांनी विचारलं, ‘तू किती जणांच्या अंगाकडं बघती?’

मायनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच कुणाचा तरी शर्ट घालून आले होते. आबा पुढं म्हणाले, ‘कामाला जाती का गेटावरची पोरं बघायला जाती?’ स्वतः रोज तासभर तिथं उभं राहून परक्या पोरांना न्याहाळणारा माणूस हे विचारत होता. त्यांनी बघितलं की ते बापाचं कर्तव्य, मी वारा खाताना एक शर्ट ओळखला तर मी वाया गेलेली. मला त्या वेळी आबांचा खरोखर तिटकारा आला. नंतर माय मोरीपाशी येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, असं पुन्हा बोलू नको. लोक म्हणतील, हिला गेटावरची समदी पोरं तोंडपाठ हायेत.’ खरं बोलायची सोयच उरली नव्हती, कारण खरं ठाऊक असणं हाच गुन्हा होता.

मग मुलाचा मामा आला. गळ्यात उपरणं, तोंडात तंबाखू, आणि घरात शिरल्या शिरल्या आमच्या खोल्यांचं भाडं किती येतं याची चौकशी. पोहे दोनदा घेतले. मी पाणी द्यायला गेले तर माझ्या बोटांना बांधलेल्या चिंध्यांकडं बघून म्हणाला, ‘पोरगी कंपनीत जाती म्हणं. आमच्यात बायका कंपनीत जात नायत. सुपारी फुटली की दुसऱ्या दिवशीपासून घरी बसवा.’

‘बसवू की,’ आबा म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं.

मामा गेल्यावर मी आबांसमोर उभी राहिले. म्हटलं, ‘आबा, दिवाळीपर्यंत थांबा. मला पर्मनंट करणार हायेत.’

आबा हसले. रागावले असते तर मला चाललं असतं. ‘बाईला? पर्मनंट?’ ते म्हणाले. ‘ठेकेदार समद्यांना हेच सांगतो. आपल्या खोल्यांतली पोरं धा वरसं झाली हेच ऐकायलीत.’ आता यात खोटं काही नव्हतं. ज्या रस्त्यावर सगळेच पर्मनंट होणार असतात, तिथं एखादी खरंच होणार असेल तर ती कुणाला पटवणार? रविवार आला की सोमवारी माझा पहिला खाडा पडणार होता आणि यंत्र दुसरीच्या हातात जाणार होतं. त्या दोन-तीन दिवसांत मी यंत्र इतकं घट्ट धरत होते की सुपरवायझर म्हणाला, ‘अगं, ते पळून चाललं नाही.’

शनिवारी आबा खुंटा हलवून बघावा म्हणून पुन्हा टपरीवर गेले. सुपारीआधी एकदा परत बघून यायचं, अशी त्यांची पद्धत. जे झालं त्यातलं निम्मं मी शटरमधून बघितलं आणि निम्मं टपरीवाल्या चाचांनी मला पुढं कितीदा तरी सांगितलं. चाचा शहरातून रोज सायकलवर यायचे. या बापलोकांना चहा पाजून पाजून ते माणसं वाचायला शिकले होते, आणि सगळ्या गोष्टीची त्यांना मजा वाटायची.

आबा उभे होते तिथं पैठणकडचा एक जण येऊन उभा राहिला. तोही टोपीवाला, तोही मुलीचा बाप. दोघांचं कापसावरून बोलणं सुरू झालं, मग मुलींवर आलं.

‘तुमचा कोणता?’ आबांनी विचारलं.

‘निळा हाय,’ तो अभिमानानं म्हणाला.

‘माझाबी निळाच,’ आबा म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांना चहाचा आग्रह केला.

भोंगा झाला. आमचा मुलगा पहिल्याच घोळक्यात बाहेर आला. अंगात निळा शर्ट, बाहीवर ठिगळ. त्यानं आबांना वाकून रामराम घातला आणि कारखान्याच्या भिंतीच्या कडेनं चालायला लागला. आबांच्या नजरेसमोर होता तोवर हळू चालला, मग जरा भरभर, आणि कोपऱ्यावर तर चक्क पळाला. मागच्या बाजूला भिंतीला एक भगदाड होतं, बिडी ओढायला लोक तिथून ये-जा करायचे. वॉचमनलाही ते ठाऊक होतं. मी शटरपाशी उभी होते, आणि हा परत आत का पळतोय ते मला कळलं.

निळे-खाकी सगळे निघून गेले, गेट मोकळं झालं. पैठणकरांची चुळबूळ सुरू झाली. ‘माझा कसा आला नाय अजून?’ आबांनी त्यांना धीर दिला, ‘येईल. पर्मनंट माणसाला मागचं बघून निघावं लागतं.’ आणि तेवढ्यात तो आला. धापा टाकत, वरचं बटण खालच्या काज्यात, पाठीवर दुसऱ्याच माणसाच्या घामाचा डाग. निळा शर्ट, डाव्या बाहीवर ठिगळ. टपरीवर दोन टोपीवाले. यातला आपला सासरा कोणता हे त्या बिचाऱ्याला कळेना, म्हणून त्यानं पहिला रामराम आमच्या आबांनाच ठोकला.

‘हा माझा,’ पैठणकर म्हणाले.

आबा त्या बाहीकडं बघत होते. चाचा म्हणाले, ‘पाटील साब, ये शर्ट तो लई मेहनती है. एक पाळी में दो दो बार छूटता.’ आबांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि घरची वाट धरली. शटरपाशी माझ्या मैत्रिणी हसून हसून खोक्यांवर पडल्या होत्या. मलाही हसू आलं, पण मोकळं आलं नाही, कारण आबा आता घरी काय बोलतील ते कळत नव्हतं.

मी पोचले तेव्हा आबा पाय धुऊन बसले होते. मला बघून म्हणाले, ‘कंपनीचं कापड एकाच ठाणातलं येतं. ठिगळंबी तिथूनच लावून येत असत्याल.’ मी भाकऱ्या केल्या. सकाळी मामाला निरोप गेला की पत्रिका जुळत नाही. आमच्या घरात कधी कुणाची पत्रिका काढलेलीच नव्हती. मामानंही ‘कोणती पत्रिका’ असं विचारलं नाही. म्हणजे त्यालाही सगळं ठाऊक होतं, आणि पोहे तर तो दोनदा खाऊन गेला होता. ‘पोरी, तू म्हणत होतीस ते खरं निघालं,’ एवढं एक वाक्य मात्र आबांच्या तोंडून शेवटपर्यंत आलं नाही. मी सोमवारी कामाला गेले, तेव्हा कुणी अडवलं नाही.

तो मुलगा मला त्यानंतर एकदा रस्त्यात भेटला. या वेळी खाकीत होता. सायकल हातात धरून माझ्या थोडा मागं मागं चालत म्हणाला, ‘तुमच्या आबांना सांगा, काम मी तेच करतो. निळा करतो तेच.’

‘ठाऊक हाय,’ मी म्हटलं. ‘मग खाकीतच यायचं होतं.’

‘खाकीत आलो असतो तर बघितलं असतं का त्यांनी माझ्याकडं?’

मी उलट विचारलं, ‘अन् माझं काम का बंद करणार होता?’

‘ते मामा म्हणला,’ तो म्हणाला.

तिथं माझं मन त्याच्यावरून उडालं. शर्टाचं मी विसरले असते. त्या शर्टाची लाज त्याला नाही, ठेकेदाराला वाटायला हवी होती. पण याचा शर्ट उसना आणि बोलणंही उसनं, आणि त्या बोलण्यावर माझं काम जाणार होतं. मी चालू लागले. तोही सायकलवर बसून निघून गेला.

आबांनी यातून धडा काय घेतला? शर्टाचा नाद सोडला असेल असं कुणाला वाटेल. तसं नाही. त्यांनी नियम कडक केले. ‘एक दिस बघून भागत नाय,’ असं ते आता इतर बापांना टपरीवर सांगायचे. ‘लागोपाठ दोन दिस बघायचा. अन् दोन्ही बाह्या बघायच्या.’ लोक माना डोलवायचे. बघता बघता आबा त्या टपरीवरचे जाणकार होऊन बसले, दुसऱ्यांच्या मुलींसाठीही शर्ट तपासून द्यायला लागले. एवढं तोंडावर आपटूनसुद्धा माणसाकडं बघावं असं त्यांना सुचलं नाही.

दिवाळीआधी मला आणि माझ्यासोबतच्या काही जणींना कंपनीनं पर्मनंट केलं. मी घरी सांगितलं तर आबा ‘बरं’ म्हणाले. रेडिओवर पावसाचा अंदाज ऐकून ते म्हणायचे तसं. माय म्हणाली, ‘लेखी दिलंय का?’ दिलं होतं, पण आबांना ते बघायचं नव्हतं. ‘कागद कुणीबी देतं,’ ते म्हणाले.

आमच्या कंपनीचा पर्मनंटचा शर्ट हिरवा होता. पण बायका पर्मनंट होतील असं कंपनीच्या कधी डोक्यातच आलेलं नव्हतं, त्यामुळं बायकांच्या मापाचे शर्टच नव्हते. आम्हाला पुरुषांचे दिले. ‘ड्रेसवरून घाला,’ सुपरवायझर म्हणाला, जणू त्यात एक विचार होता. माझा शर्ट गुडघ्यापर्यंत यायचा आणि बाह्या बोटांच्याही खाली लोंबायच्या. यंत्र धरायचं म्हणजे त्या चार-चार घड्या घालून कोपरावर चढवाव्या लागायच्या. हेही कंपनीला कळलं नाही. तरी खिशावर नाव होतं, दोऱ्यानं भरलेलं, आणि पहिल्या दिवशी मी ते नाव बोटानं इतकं चाचपलं की बाकीच्या हसायला लागल्या.

त्याच दिवशी आबा टपरीवर होते. माझ्यासाठीच, पण माझ्याकडं नाही, समोरच्या गेटाकडं तोंड करून. नवं स्थळ होतं. आमची पाळी सुटली तरी त्यांचा निळा अजून आलेला नव्हता. मी रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

आबांनी मला खालून वर बघितलं. गुडघ्यापर्यंत आलेला शर्ट, कोपरावर गुंडाळलेल्या बाह्या, खांद्याखाली उतरलेली शिवण. ही खूण त्यांना आता चांगली पाठ झाली होती. त्यांनी डाव्या बाहीच्या घड्या उलगडल्या, कापड दोन बोटांत धरून उलटसुलट केलं, आणि आवाज बारीक करून, आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून विचारलं, ‘कुणाचा आणलास गं?’

मी आयुष्यात एवढी कधी चिडले नसेन. आणि रडूही आलं, तेही सांगते. म्हटलं, ‘माझा हाय.’

‘व्हय का,’ आबा म्हणाले. बाजारात विकणारा आपल्या बैलाचं वय सांगतो तेव्हा घेणारा म्हणतो, तसं. चाचा मध्येच म्हणाले, ‘बच्ची का अपना है, पाटील साब.’ आबांनी त्यांच्याकडंही तसंच बघितलं. मग समोरच्या गेटातून एक निळा बाहेर पडला आणि ते परत तिकडं वळले. मी तिथून निघाले. घरी तो विषय कुणी काढला नाही, मीही नाही. शर्ट धुतला आणि दोरीवर वाळत घातला. आबा येता-जाता त्याच्याखालून वाकून गेले.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली आणि मी गेटातून बाहेर आले तर आबा टपरीवर होते. समोरच्या कारखान्याचे निळे-खाकी कधीच निघून गेले होते, तिथं बघायला कुणीच उरलं नव्हतं. आबा त्या गेटाकडं पाठ करून, हातात चहाचा पेला धरून, आमच्या गेटाकडं तोंड करून उभे होते.

लागोपाठ दुसरा दिवस होता. मी जागच्या जागी थांबले. बाह्यांच्या घड्या सोडल्या आणि दोन्ही बाह्या बोटांच्या खाली लोंबू दिल्या. मग त्यांच्यासमोरून, त्यांच्याकडं न बघता, सावकाश चालत गेले.